पासचा ठसा

"अहो, मडकं आहे का ते, टिचक्या मारून बघायला?" दुकानदार शेवटी वैतागला.

प्रल्हाद तरीही फ्रेमच्या प्रत्येक जोडावरून नख फिरवत राहिला. आजचं हे चौथं दुकान, पण त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. शलाका, त्याची लेक, रविवारपासून डोंगरउतारावर सायकल चालवायला जाणार होती.

"पप्पा, तुमच्या कारखान्याची सायकल निम्म्या किमतीत मिळत होती की!" ती कुरकुरली.

"ती नको म्हटलं ना!" तो खेकसला.

कारखान्यात फ्रेमा तपासून पासचा ठसा ठोकायचं काम त्याचंच होतं. मार्चमध्ये साहेबांनी माल काढायची घाई लावली, तेव्हा दिवसाला चारशे फ्रेमांवर त्याने न बघताच ठसे ठोकले होते. हे तो घरी कोणत्या तोंडाने सांगणार?

"ही फॉरेनची कंपनी आहे," दुकानदार म्हणाला. "बिनघोर न्या."

प्रल्हादला पहिल्यांदाच हायसं वाटलं. त्याने मान डोलावली.

शलाकाने तोवर सायकल उलटी केली होती. "पप्पा, इथे पेडलजवळ सतरा नंबर ठोकलाय! सतरा म्हणजे तुम्हीच ना?"

तो वाकला. ठसा त्याचाच होता आणि शेजारी महिना होता मार्च. रंग न दिलेल्या फ्रेमा ट्रकमधून कुठे जातात, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मग आता काय बघायचं राहिलं?" सायकल सरळ करून शलाका टुणकन सीटवर बसली. "तुम्ही पास केलीय म्हणजे झालं!"