प्राध्यापक कॉलनीची प्रश्नावली

“पहिल्याच प्रश्नात दोन चुका आहेत,” निवृत्त घैसास सर लाल पेन उघडत म्हणाले.

विद्यापीठामागच्या प्राध्यापक कॉलनीच्या स्वभावावर मृणाल पीएचडी करत होती. चाळीस घरांत वाटलेल्या प्रश्नावल्या परत आल्या, पण उत्तर कुणीच लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त शुद्धलेखन तपासलं होतं. प्रबंध द्यायला महिना उरला होता. मृणाल रडकुंडीला आली.

तिची दया येऊन कॉलनीतल्या प्राध्यापकांची समिती बसली, तीन आठवडे भांडली आणि निर्दोष प्रश्नावली तयार झाली.

“आता भरून द्या ना, सर,” मृणाल काकुळतीनं म्हणाली.

घैसास सर दचकले. “अगं, पेपर आम्ही काढलाय. आम्हीच परीक्षेला कसे बसणार?”

मृणालनं ते शब्द उतरवून घेतले. कॉलनीनं दिलेलं ते पहिलंच उत्तर होतं.