होडीतला नियम

"ऑपरेशनचा विषय जो काढेल, त्याचा मासा परत पाण्यात." धक्क्याचा दोर सोडता सोडताच ताईनं जाहीर केलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे नियम म्हणजे नियम.

"आणि मासा मिळालाच नसेल तर?" भावोजींनी वल्हं हातात घेत विचारलं.

"तर मिळेपर्यंत तोंड बंद."

नियम तिच्या धाकट्या भावासाठी होता, हे होडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. धाकटा म्हणजे आता चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला. गेल्या वर्षी ताईनं त्याला आपली एक किडनी दिली आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद सुरू होतं. ताटावर बसला की आभार, फोन ठेवताना आभार. ताईला अगदी वीट आला होता. भाऊ आभार मानायला लागला की आपण परक्या झाल्यासारखं वाटतं, असं ती नवऱ्याकडे, म्हणजे भावोजींकडे, कुरकुरायची. धाकट्याची तक्रार उलटी होती. ती दरवेळी मध्येच तोडते, त्यामुळे सांगायचं ते अजून एकदाही नीट सांगून झालेलं नाही. एकदा तिनं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

दगडी बांधाच्या आत पाणी अगदी शांत होतं. बांधाच्या पलीकडे समुद्र काय गोंधळ घालायचा तो घालत होता, इकडे होडीला त्याचा पत्ताही नव्हता. ऊन कोवळं होतं. ताईनं धाकट्याला भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घालायला लावले होते. जखम नको, संसर्ग नको. त्या हातमोज्यांनी गळाला कोळंबीचा तुकडा लावताना त्याची जी त्रेधा उडत होती, ती बघून भावोजींची चांगली करमणूक झाली.

पहिला मासा धाकट्यालाच लागला. बोटभर लांबीचा.

"ताई, तू नसतीस ना, तर आज मी..."

"टाक," ताई म्हणाली.

मासा गेला. मग ताईला एक लागला आणि भावोजींना एक बरा मिळाला. तो कसा तळायचा हे त्यांनी सविस्तर सांगितलं. पण जागा बदलायची म्हणून ताई नांगराचा दगड ओढायला वाकली, तसे ते ओरडले, "अगं, टाके!"

ताईनं वळून बादलीकडे बोट दाखवलं.

"हा विषय नाही, ही काळजी आहे!"

"मग काळजीचा मासा जाऊ दे."

तोही गेला. बादलीत उरला तो ताईचा एकटा मासा, गोल गोल फिरत.

धाकटा मधूनमधून बाटली तोंडाला लावत होता. डायलिसिसच्या दिवसांत त्याला पाणी कपानं मोजून मिळायचं. आता डॉक्टरांनीच भरपूर प्या म्हणून बजावलं होतं. तो ते मनापासून पाळत होता, आणि त्यापायी होडी दोनदा धक्क्यावरच्या स्वच्छतागृहाची वारी करून आली होती. "मासे धरायला आलोय की तुझी ने-आण करायला?" भावोजी करवादले. पण जाताना मात्र ते असं वल्हवत होते की कुणाला वाटावं, शर्यत लागली आहे.

उन्हं कलता कलता धाकट्याच्या दोरीला जबर ओढ बसली. होडी एका अंगाला झुकली. "सोडू नकोस! ढील दे! आता ओढ!" भावोजी उभे राहायला गेले आणि ताईनं त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. धाकट्यानं कुणाची मदत घेतली नाही. घामाघूम होत त्यानं हातभर लांबीचा मासा वर काढला आणि पिवळ्या हातमोज्यांत छातीशी घट्ट धरला. इतकी ताकद आपल्यात आहे, हे त्यालाच नवीन होतं.

"आता कुणी चकार शब्द काढू नका," भावोजी हात जोडून म्हणाले. "घरी जाईपर्यंत मौन."

धाकटा ताईकडे बघत होता.

"ताई, हा सोडला तर मला पुरं बोलू देशील?"

ताईनं मनातल्या मनात नियम तपासला. पळवाट सापडेना. तिनं मान डोलावली.

"अरे, अर्धंच बोल!" भावोजी कळवळले. "अर्धा मासा तरी राहील!"

धाकट्यानं ओणवं होऊन मासा पाण्यात सोडला. शेपटीच्या एका फटक्यात तो दिसेनासा झाला.

"रात्री तहान लागली की मी उठतो," तो म्हणाला. "दिवा लावत नाही. ग्लास भरून घेतो आणि सगळा पितो. मग आणखी एक पितो. दरवेळी वाटतं, फोन करून तुला उठवावं आणि सांगावं. इतक्या रात्री कुठे उठवायचं, म्हणून तसाच झोपतो. झालं. एवढंच होतं."

ताईनं बादलीत हात घातला. तिचा मासा हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिनं तो पकडला आणि होडीच्या काठावरून पाण्यात सोडून दिला.

"आपले रिपोर्ट जुळले, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते," ती म्हणाली.

"घाबरून?"

"आनंदानं रे. माझीच जुळली म्हणून."

भावोजींनी चमकून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे त्या दिवशी तुझी बस चुकली नव्हती?"

"नव्हती."

धाकट्यानं बाटली उघडली आणि तोंडाला लावली. ताई त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, शेवटचा घोट उतरेपर्यंत.

भावोजींनी रिकामी बादली पायानं बाजूला सारली आणि कुणी सांगायच्या आतच होडी धक्क्याकडे वळवली.