बारावी पट्टी

"बाई, पट्ट्या बारा झाल्यात," वेइक्को म्हणाला.

हिल्काबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तळ्याकाठच्या त्या शाळेत मुलं अकरा. दर सप्टेंबरात बाई एकेकाला बूट काढून दाराशी उभं करत, डोक्यावर वही आडवी धरत आणि बरोबर त्याच्या उंचीची कागदी पट्टी कापत. पट्ट्या भिंतीवर ओळीने लावल्या की आलेख तयार. सरासरी म्हणजे काय, ते मुलं हातांनीच शोधत.

आज शेवटून दुसरी पट्टी सायमीची होती. तिच्याही पुढे आणखी एक होती. नाव नसलेली.

"ही कोणी लावली?"

"तुम्हीच कापलीत की," वेइक्को म्हणाला. "मी खालचं टोक दाबून धरलं होतं. सायमी झाल्यावर."

"सायमी झाल्यावर कोण उभं होतं?"

सात वर्षांची सायमी म्हणाली, "ताई. ती नेहमी शेवटीच उभी राहते."

सायमीची ताई, लेम्पी, गेल्या डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाली होती. तिला पुरताना बाई तिथे होत्या. त्यांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. ती ठेवताना खणखणली.

"असली थट्टा मला चालणार नाही."

"थट्टा नाही, बाई." वेइक्कोने फूटपट्टी लावून पाहिली, मग गेल्या वर्षीची वही उघडली. "तेव्हा एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर. आता एकशे तेहतीस. पाच वाढली. आमचीही सरासरी पाचच येतेय." उत्तर बरोबर आल्यावर त्याचा चेहरा खुलायचा, तसा खुलला होता.

बाई पट्टी काढायला पुढे झाल्या, तेवढ्यात दार उघडलं. सायमीची आई, आउने, तिला न्यायला आली होती. बाई झटकन वळून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सायमी, आवर लवकर," त्या म्हणाल्या. "आई खोळंबल्यात."

आउनेने सगळ्या मुलांवरून नजर फिरवली. मग बाईंच्या डोक्यामागच्या भिंतीवर.

"बाई, जरा बाजूला व्हा."

"आउने, पोरं आहेत. त्यांना कळत नाही—"

"व्हा ना."

बाई बाजूला झाल्या. आउने पट्टीपाशी गेली. पट्टीच्या वरच्या टोकावर तिने तळवा आडवा धरला, आणि तो तसाच आपल्या अंगाकडे आणला. छातीशी लागला. ती रडली नाही. तिने खांद्यावरच्या पिशवीतून अर्धवट विणलेला लाल स्वेटर काढला आणि पट्टीला लावून पाहिला.

"उंची जमलीय म्हणायची," ती म्हणाली. "मी आपली अंदाजाने विणत होते. पण बाह्या किती ठेवू, बाई? हात नाही का मोजलेत तिचे?"

बाईंनी कागदाची गुंडाळी उचलली, कात्री उचलली आणि दाराकडे तोंड केलं.

"लेम्पी," त्या म्हणाल्या, "ये. हात लांब कर."

दाटीने उभी असलेली मुलं दोन्ही बाजूंना सरकली. वाट द्यायला.