एका काडीची फट

“काडी आत गेली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. आणि घाई करू नकोस.”

तिचे यजमान हे स्वतःलाच बजावत असत. त्या मोटारसायकलच्या क्लचला त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. काडेपेटीतली एक काडी घ्यायची, लिव्हरच्या बुडाशी असलेल्या फटीत घालून बघायची. हे त्यांचं माप.

आज, रविवारी, त्या जुन्या गाडीपुढे, पत्र्याच्या सावलीत, स्टुलावर ती बसली होती. काडी आत गेली. डुगडुगली नाही. माप त्यांनी ठेवलं होतं तसंच होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

त्यांचा पंजा मोठा. लिव्हर पार बाहेर सुटत आली की मगच गाडी पकड घ्यायची. तिची आखूड बोटं त्याआधीच निसटत आणि गाडी हिसका देऊन बंद पडे. गेल्या रविवारी ती गाडीसकट फाटकातच पडली. तरुणपणी त्यांनी तिला चालवायला शिकवली होती खरी, पण मागे बसून, तिच्या हातावर आपला हात ठेवून. क्लच जड आहे हे इतक्या वर्षांत तिला कळलंच नव्हतं.

त्या दुपारी जाऊबाईंचा फोन आला होता. “अगं, दारात खुर्ची टाकून बसलेत. जेवायला उठवते तर म्हणतात, गाडी येऊ दे.”

थोरल्या दिरांना दिसत नव्हतं. दर रविवारी धाकटा भाऊ या गाडीवरून यायचा आणि वळणावरचा आवाज ओळखून ते उठून उभे राहायचे. दवाखान्यात यजमानांनी तिच्याकडे एवढंच मागितलं होतं, “मी गेलो तरी दादाचा रविवार जायला नको.” ती “बरं” म्हणाली होती. त्यानंतर दोन-तीनदा बसने जाऊन आली. दीर मायेने बोलले, पण खुर्चीतून उठले नाहीत.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मिस्त्री हात पुसत आत आला.

“वहिनी, एवढा खटाटोप कशाला? मी नेतो की चालवत. आवाज तोच येईल.”

“आवाज येईल हो. पण आवाज थांबल्यावर त्यांच्याजवळ जाऊन कोण बसणार?”

“मी बसेन.”

“आणि बोलणार काय? गिऱ्हाइकाशीसुद्धा तुम्ही नुसतं हूं-हूं करता.”

मिस्त्री हसला. मग वाकून त्याने फट बघितली आणि त्याचं हसू ओसरलं.

“हे एकदा हललं की पुन्हा तंतोतंत बसायचं नाही, वहिनी. त्यांच्या हाताचं माप आहे ते. रंगाची खूण करून ठेवू का? परत आणता येईल.”

तिने फटीवर बोट ठेवलं. घरात त्यांचा चष्मा होता, चपला होत्या. ती रोज पुसून जागच्या जागी ठेवत असे. पण त्यांचा हात जसाच्या तसा उरला होता तो इथे, या एवढ्याशा फटीत.

“नको,” ती हळूच म्हणाली. “खूण असली की माझं मन सारखं तिकडे जाईल. मग ही फटही पुन्हा तिथेच आणून ठेवीन आणि रविवार घरीच काढीन.”

लिव्हरच्या बुडाशी, स्क्रूवर आवळलेली चकती सुटेना. तिने फडकं गुंडाळून जोर लावला, तेव्हा ती कुरकुरत सैल झाली. मग ती स्क्रू आत फिरवू लागली. थोडा, आणखी थोडा. वायर ढिली पडत गेली. काडी फटीतून सुटून खाली मातीत पडली. तिने तिकडे बघितलं नाही. लिव्हर धरून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा फिरवलं.

“बास,” मिस्त्री म्हणाला. “याहून ढिली केलीत तर गिअर ओरडतील.”

तिने चकती आवळली.

किक मात्र तिला जमायची. गुडघ्याचं निमित्त सांगून यजमान नेहमी तिलाच मारायला लावायचे आणि वर म्हणायचे, माझं इंजिन हीच सुरू करते. पहिल्यांदा गाडी नुसतीच खोकली. मग धडधडली. वरचा पत्रा थरथरला. शेजारच्या खिडकीत सवयीने कुणीतरी डोकावलं, हात वर करायला गेलं आणि तसंच थांबलं.

तिने हेल्मेटचा पट्टा लावला. पहिला गिअर टाकला. लिव्हर सावकाश सोडत गेली, आणि बोटं सुटायच्या आतच गाडी अलगद पुढे सरकली. मिस्त्रीने धावत जाऊन फाटक उघडलं.

ती बाहेर पडली आणि दिरांच्या घराकडच्या रस्त्याला लागली. गाडीवरची मागची जागा रिकामी होती. इतकी वर्षं ती तिची जागा होती.