हळदीकुंकवाचा पट्टा

वैजंताला जाग आली तेव्हा तोंडात गुटख्याची चव होती. तिने जन्मात गुटखा खाल्ला नव्हता. शेगडीवरचं दूध जळून पातेल्याला चिकटलं होतं आणि लेक दप्तर न उतरवताच उशाशी बसली होती.

"आई, आत्ता कोण झोपलं होतं? तू का पप्पा?"

"पप्पा," म्हणत वैजंता मोरीत जाऊन थुंकली.

तिच्या मनगटावरचा पट्टा अजून कोमट होता. तसलाच पट्टा ट्रक चालवणाऱ्या सोपानच्या हाताला होता. त्याला पेंग आली, की ती पट्ट्यातून हिच्या अंगात उतरायची. मालकाने सगळ्या ड्रायव्हरांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून हे पट्टे वाण म्हणून वाटले होते.

फोन वाजला. "लगेच परतीचा माल मिळालाय," सोपान खुशीत म्हणाला. "मी एकदम ताजातवाना. तू पड जरा."

"किळस आलीय मला तुमच्या झोपेची."

"नुसतं पडून राहायचं, त्यात कसले कष्ट?"

"गाडी बाजूला घ्या. चाकाला दगड लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना!"

तो कुरकुरत उतरला. चाकाखाली दगड सरकल्याचा आवाज तिने नीट ऐकला आणि मगच पट्टा ओरबाडून मोरीत फेकला.

पलीकडून जांभयांवर जांभया ऐकू आल्या. मग जड जिभेने सोपान म्हणाला, "वैजे... एवढं जड असतंय होय हे?"