बाळंतिणीचं धुणं

दवाखाना गाठायच्या आतच, शेजारच्या राजशेखरच्या नव्या गाडीत क्रांती बाळंत झाली. मायलेकी सुखरूप. क्रांतीच्या सासूनं, विठाबाईनं, गाडीचं मागचं मॅट हट्टानं धुवायला घरी आणलं. तेवढेच उपकार फिटतील म्हणून. बाळंतिणीचं धुणं कढत पाण्यात धुवायची तिची सवय. तसंच बंबातलं पाणी मॅटवर ओतलं आणि रक्ताचा डाग निघण्याऐवजी पक्का बसला. रिठा झाला, सोडा झाला, ब्रशचे केस झडले. वाळल्यावरही डाग तसाच. राजशेखर मॅट न्यायला आला तेव्हा तिला मान वर करवेना. “लेका, तू देवागत धावलास, आन् मी तुझ्या नव्या गाडीचं वाटोळं केलं की रं!” “काकू, शोरूमवाल्यानं नुसता हार घातलेला. खरी पूजा तुमच्या नातीनं केली की!” त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि मॅट अंथरायला आत शिरण्याआधी पायांतली चप्पल काढली.