सतराव्या खांबाचं वळण

“साहेब, तुम्ही खोट्या आकड्यांवर माणसं बसवताय!”

पावणेदहा वाजून गेले होते. दहाला विनाचालक मेट्रोची पहिली फेरी. साहेब आरशासमोर कोटाला फूल लावत होते. ती दार न वाजवताच आत घुसली होती. जिन्यात चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तशीच हातात.

साहेबांनी टेबलावरचा अहवाल तिच्याकडे सरकवला. “आकडे कुणाचे, बाई? सही कुणाची?”

सही तिचीच होती. संशोधन विभागातर्फे सहा महिने तिनं सतराव्या खांबापुढच्या वळणावर रुळाची थरथर मोजली होती. अकराशे भरलेल्या गाड्या. वेग ताशी साठ. थरथर मर्यादेत. वळण निर्धोक. विनाचालक गाडी त्याच साठच्या वेगानं रिकामी पळवून झालीच होती. हा अहवाल हातात पडला आणि साहेबांनी भरलेल्या गाडीची चाचणी रद्द केली. महिना वाचला म्हणून टाळ्याही घेतल्या.

काल संध्याकाळी ताई गणवेशाला शेवटची इस्त्री करत होती. नऊ वर्षं तिनं त्याच मार्गावर गाडी चालवली. उद्यापासून तिकीटखिडकी.

“खाल्लीस ना माझी नोकरी, विदुषीबाई?” ताई हसली. “आता तुझ्या यंत्राला एवढं तरी शिकव. सतराव्या खांबाशी हँडल मागे घ्यायचं.”

“का?”

“का काय? गाडी भरलेली असली की तिथं पोटात गोळा येतो. आम्ही सगळ्याजणी चाळिसावर आणतो.”

“अगं, पण गाड्या तर सेकंदाबरहुकूम पोचतात!”

“पुढच्या सरळ पट्ट्यात पळवतो की. उशिराची नोटीस काय तू घेणारेस?”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तू विचारलंस कधी?”

धाकटीच्या हातातला चहा निवून गेला. तिनं वेग मोजलाच नव्हता. वेळापत्रक साठच्या हिशेबानं बसवलेलं, गाड्या वेळेवर, म्हणून वेगाच्या रकान्यात साठ. अकराशे वेळा साठ. आणि मोजलेली थरथर मात्र चाळिसाची. कागदाला विचारलं आणि कागद हो म्हणाला. सहा महिने दोघी बहिणी एकाच टेबलावर जेवत होत्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं व्हायचं, पण या वळणाबद्दल एक शब्द नाही.

तेव्हापासून तिनं साहेबांना एकोणीस फोन लावले. एकही उचलला गेला नाही. सकाळी ताईला ती म्हणाली, “तू त्या गाडीत नको बसूस.” ताई पायांत बूट चढवत म्हणाली, “इतकी माणसं चढणार आणि मी घरी बसू? ते होणार नाही. तू गाडी थांबव.”

“चूक माझी आहे,” ती साहेबांना म्हणाली. “आत्ता लिहून देते. नोकरी घ्या. पण गाडी सोडू नका.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ पन्नास. “पत्रकार आलेत. चारशे माणसं आत बसलीत. आणि तुमच्या ताईसकट सगळ्या चालक बायकांना मी मानानं पहिल्या डब्यात बसवलंय. नऊ वर्षांत त्या वळणावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रूळ तेच, डबे तेच. आजच काय आभाळ कोसळणार आहे? बाजूला व्हा.”

ती झाली नाही. तुटकी चप्पल छातीशी धरून दारात आडवी उभी राहिली.

“नऊ वर्षं ते वळण तुमच्या रुळांनी नाही सांभाळलं, साहेब. त्या बायकांच्या भीतीनं सांभाळलं. आज त्यांना तुम्ही हात मांडीवर ठेवून बसवलंय. मग सतराव्या खांबाशी घाबरणार कोण? बोला ना, कोण?”